स्टिल्टन गावात स्टिल्टन बनवता येत नाही: ब्रिटनमधले गावाच्या नावाचे पदार्थ

अबोली_लेस्टर

नमस्कार मंडळी,

गेल्या मंगळवारी सुट्टी होती म्हणून मेल्टन मोब्रेला जाऊन आले. लेस्टरहून आगगाडीने अगदी जवळ. तिथला मंगळवारचा बाजार फार जुना, १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीतही त्याचा उल्लेख सापडतो. बाजारात ‘पाय’ (इंग्रजीतला pie, पिठाच्या आवरणात मांस भरून भाजलेला पदार्थ) विकणाऱ्या एका आजोबांशी अर्धा तास गप्पा झाल्या आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

इथे कितीतरी पदार्थ गावाच्या नावाने ओळखले जातात. चेडर, स्टिल्टन, बेकवेल, एकल्स, केंडल, अरब्रोथ. मला वाटायचं, जिथे जन्मला त्या गावाचं नाव पदार्थाला लागलं, एवढं साधं असणार. तसं नाहीये.

स्टिल्टनचंच घ्या. निळ्या शिरांचं हे चीज. स्टिल्टन हे गाव केंब्रिजशायरमध्ये, लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर. अठराव्या शतकात घोडागाड्या तिथे थांबायच्या, घोडे बदलायचे, प्रवासी जेवायचे. तिथल्या बेल इन या खानावळीचा मालक कूपर थॉर्नहिल हे चीज लेस्टरशायरमधून मागवून प्रवाशांना विकायचा. लोक लंडनला जाऊन सांगायचे, ‘स्टिल्टनला फार छान चीज खाल्लं’. झालं, नाव पडलं. १९९६ मध्ये युरोपीय संघाने या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं. त्यानुसार स्टिल्टन फक्त लेस्टरशायर, डर्बीशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीन परगण्यांत बनवता येतं. स्टिल्टन गाव या तिन्हींत येत नाही! गावकऱ्यांनी नियम बदलून घ्यायचा प्रयत्न केला, पण २०१३ मध्ये सरकारने त्यांचा अर्ज फेटाळला.

आता मेल्टनचा पोर्क पाय. चीज करताना दूध फाटवलं की चक्का वेगळा होतो आणि खाली भरपूर पाणी उरतं. एका आठ किलोच्या स्टिल्टनला सत्तर-पंचाहत्तर लिटर दूध लागतं, म्हणजे उरणारं पाणी केवढं असेल बघा. ते टाकणार कुठे? शेतकरी डुकरं पाळायचे आणि ते पाणी त्यांना पाजायचे. त्यामुळे या भागात डुकराचं मांस मुबलक. पुन्हा मेल्टन म्हणजे कोल्ह्याच्या शिकारीचं मोठं केंद्र. हिवाळाभर श्रीमंत शिकारी मुक्कामाला, त्यांच्या नोकरांच्या खिशात हे पाय. दिवसभर घोड्यावर असताना चालेल असा भक्कम, पिठाच्या जाड भिंतीचा डबाच म्हणा. शिकाऱ्यांनी चव घेतली आणि नाव लंडनपर्यंत पोचलं.

आजोबांनी ओळखायची खूण सांगितली. खरा मेल्टन पाय साच्याचा आधार न देता भाजतात, म्हणून त्याच्या बाजू बाहेर फुगतात. आतलं मांस खारवलेलं नसतं, म्हणून कापल्यावर गुलाबी नाही तर राखाडी दिसतं. आणि ते हाताने चिरल्यासारखं जाडसर असतं, यंत्रातून बारीक काढलेलं नाही. मधल्या पोकळीत हाडांच्या रश्शाची जेली ओततात.

म्हणजे एकाच कुरणातलं दूध, त्याचं चीज, चीजच्या पाण्यावरची डुकरं आणि डुकरांचा पाय. त्यातल्या एकाला गाव मिळालं ते विकणाऱ्याचं, दुसऱ्याला मिळालं ते खाणाऱ्यांच्या मुक्कामाचं. करणारी माणसं, म्हणजे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका, त्यांच्या गावांची नावं कुठेच नाहीत. मला हे फार लागलं.

तुम्ही ब्रिटनमध्ये कुठे राहत असाल किंवा राहिला असाल, तिथल्या अशा पदार्थांबद्दल लिहा. नाव कुठून आलं, आज तो पदार्थ तिथे उरलाय का, तुम्ही खाल्लात का, सगळं.

पोटोबा

मस्त धागा! चेडर हे गाव आहे हेच मला आज कळलं. मी आजवर चेडर म्हणजे चीजचा एक प्रकार एवढंच समजत होतो. तिथे अजून बनतं का?

अबोली_लेस्टर

@पोटोबा, सॉमरसेटमध्ये आहे चेडर. मोठी घळ आणि चुनखडीच्या गुहा आहेत. गुहेत वर्षभर एकसारखा गारवा आणि ओल, म्हणून चीज मुरवायला उत्तम जागा. आज खुद्द गावात चीज करणारा एकच कारखाना उरलाय, आणि त्यांचं काही चीज अजून गुहेत मुरतं.

चेडरचं वैशिष्ट्य त्याच्या कृतीत आहे. चक्क्याच्या लाद्या कापून एकमेकींवर रचतात, थोड्या थोड्या वेळाने उलटतात, पुन्हा रचतात. स्वतःच्याच वजनाने त्यातलं पाणी निथळत जातं. या कृतीलाच ‘चेडरिंग’ म्हणतात, गावाच्या नावाचं क्रियापद झालं! एकोणिसाव्या शतकात जोसेफ हार्डिंगने ही पद्धत नीट बसवून दिली, शिकवली, आणि मग ती ऑस्ट्रेलिया-अमेरिकेपर्यंत गेली. नावाला कुंपण नव्हतंच. आता ‘वेस्ट कंट्री फार्महाउस चेडर’ या लांबलचक नावाला संरक्षण आहे, पण नुसतं ‘चेडर’ जगात कुणीही म्हणू शकतं.

दर्यावर्दी

मी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला सहा वर्षं होतो, तेलाच्या कामावर. अरब्रोथ स्मोकीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हॅडॉक मासा. डोकं काढून, साफ करून, मीठ लावून ठेवतात. मग दोन-दोन मासे शेपटीशी दोरीने बांधून जोडी करतात आणि काठीवर टांगतात. खाली लाकडाचा जाळ आणि वरून ओलं गोणपाट झाकलेलं. वाफ आणि धूर दोन्ही आत कोंडतात आणि तासाभरात मासा शिजून तांबूस-सोनेरी होतो. तिथेच उभं राहून कागदावर घेऊन खायचा. हाताला दोन दिवस वास राहतो, आणि मला तो जावा असं वाटत नसे.

आता नावाची गोष्ट. ही स्मोकी मुळात अरब्रोथची नाहीच. चार-पाच किलोमीटरवर उंच कड्यावर ऑकमिथी नावाचं छोटं कोळीवाड्यासारखं गाव आहे, ती तिथली. तिथे धड बंदर नव्हतं. बायका नवऱ्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून होडीपर्यंत पोचवायच्या, त्यांचे पाय कोरडे राहावेत म्हणून. दिवसभर ओल्या पायांनी उत्तर समुद्रात बसणं म्हणजे मरणच. पुढे अरब्रोथला चांगलं बंदर आहे म्हणून ऑकमिथीची कुटुंबं तिकडे उतरली, स्मोकी बरोबर घेऊन. मालाबरोबर नाव गेलं ते अरब्रोथचं. २००४ मध्ये संरक्षण मिळालं, अरब्रोथपासून आठ किलोमीटरच्या आत बनली तरच स्मोकी. त्या आठ किलोमीटरमध्ये ऑकमिथी बसतं, एवढं समाधान.

गोणपाटावरून आठवलं. अरब्रोथच्या शेजारचं मोठं शहर डंडी. एकोणिसाव्या शतकात सगळं शहर तागाच्या गिरण्यांवर चालायचं आणि ताग यायचा बंगालमधून.

निशिगंध

लेख वाचून प्रत्येक गावाला जावंसं वाटतंय, पण आम्ही पडलो शुद्ध शाकाहारी. चीजसुद्धा बघून घ्यावं लागतं, दूध फाटवायला घालतात ते रेनेट प्राण्यांपासूनचं आहे की काय ते. आमच्यासाठी काही गाव आहे का? मुलगी सप्टेंबरमध्ये शिकायला कार्डिफला जातेय, तिच्यासाठी विचारते.

गंधसरू

@निशिगंध, कार्डिफ म्हणजे वेल्समधल्या जुन्या ग्लॅमॉर्गन परगण्यातलंच! ‘ग्लॅमॉर्गन सॉसेज’ नावाला सॉसेज, पण त्यात मांस नाही. कुस्करलेलं चीज, लीक म्हणजे जाड पातीच्या कांद्यासारखी भाजी, पावाचा चुरा, मोहरी. बोटभर जाड वळून, वरून चुरा लावून तळायचं. पाकिटावर व्हेजिटेरियन लिहिलंय का एवढं बघायचं. अंडं मात्र बहुधा असतं.

पण मला लिहायचंय माझ्या गावाबद्दल. मी स्टोक-ऑन-ट्रेंटला राहते आणि इथला ‘स्टॅफर्डशायर ओटकेक’ हा पदार्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ओटचं पीठ, थोडं गव्हाचं पीठ, यीस्ट, मीठ, कोमट पाणी. पीठ फुगून आंबलं की गरम लोखंडी तव्यावर पळीने ओतून पसरायचं. वर जाळी पडते. उलटायचं, दोन्हीकडून भाजायचं. आंबोळीच म्हणा! मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा डोळे भरून आले होते, घर सोडून तेव्हा चारच महिने झाले होते. इथले लोक त्यात चीज आणि बेकन घालून गुंडाळतात. मी लसणाची चटणी आणि लोणी लावते.

स्टोक हे कुंभारकामाचं शहर, चिनी मातीची भांडी इथली जगभर गेली. भट्ट्यांवरचे कामगार सकाळी पाळीला जाताना घराच्या खिडकीतून ओटकेक विकत घ्यायचे. पुढच्या खोलीत तवा, खिडकीबाहेर रांग. अशी शेवटची खिडकी, हॅनलीमधली, २०१२ मध्ये बंद झाली. दुकानं मात्र आहेत, आणि रविवारी सकाळी उशीर केला तर संपलेले असतात.

एक कथा इथे नेहमी ऐकू येते. हिंदुस्थानात गेलेल्या पलटणीतल्या सैनिकांनी तिकडे चपात्या खाल्ल्या, परत आल्यावर बायकांना तसं काहीतरी करायला सांगितलं आणि गहू महाग म्हणून ओट वापरले. मला ही कथा ऐकायला फार आवडते, पण ती खरी वाटत नाही. हा डोंगराळ, थंड भाग आहे, गव्हापेक्षा ओट चांगले येतात, आणि शेजारच्या डर्बीशायरमध्येही असेच ओटकेक होतात. गरीब माणूस हाताशी आलेल्या धान्याची भाकरी करतो, त्याला शिकवायला पलटण लागत नाही.

साखरभात

गंधसरू, फार सुंदर लिहिलंय.

अशा कथांवरून वूस्टर सॉस. बाटलीवर नाव वूस्टरशायरचं आणि आत चिंच! चिंच, काकवी, व्हिनेगर, कांदा, लसूण आणि मुरवलेले अँकोव्ही मासे. (निशिगंध, म्हणून हा तुम्हाला चालणार नाही. हल्ली बिनमाशांचेही मिळतात, पण मूळ सॉस हा असा.) ली आणि पेरिन्स हे वूस्टर शहरातले औषधविक्रेते, १८३७ पासून ते हा विकू लागले. बंगालच्या माजी गव्हर्नरने हिंदुस्थानातून कृती आणली असं पूर्वी सांगायचे, लॉर्ड सँडिस असं नावही घ्यायचे. पण त्या नावाचा बंगालचा गव्हर्नर कधी झालाच नाही. चिंच मात्र आपल्याकडची, हे बाटलीच उघडून सांगते.

१८७६ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने ठरवलं की हे नाव एका कंपनीचं नाही, इतरांनीही वापरावं. मला हे पटतं. गावाचं नाव कुणा एकाच्या मालकीचं कसं असेल?

रानमेवा

@साखरभात, इथे माझं मत वेगळं आहे. एका कंपनीचं नसावं हे बरोबर. पण त्या भागातल्या सगळ्यांचं मिळून असावं की नाही? आमची देवगडला कलमं आहेत. पेटीवर ‘हापूस’ लिहून कुठलाही आंबा जातो तेव्हा काय वाटतं ते मला विचारा. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने सगळं सुटलं नाही, पण निदान बोट दाखवायला कागद आला.

कॉर्निश पेस्टीचं उदाहरण बघा. २०११ पासून कॉर्नवॉलमध्ये भरून मुडपलेली असेल तरच ती कॉर्निश. इंग्रजी डी अक्षराचा आकार, कड बाजूला मुडपलेली, डोक्यावर नाही. आत गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा पिवळा कंद, ज्याला कॉर्नवॉलमधले लोक टर्निपच म्हणतात. सगळं कच्चं भरून सावकाश भाजायचं. मांस किमान साडेबारा टक्के, भाज्या किमान पंचवीस. नियम झाला म्हणून तिथल्या बेकऱ्यांना किंमत आली.

साखरभात

@रानमेवा, तुमचं दुःख समजतं. पण त्याच नियमात मांस आणि बटाटा कॉर्नवॉलचाच हवा असं नाहीये. आणि भाजली तिकडे नाही तरी चालते. मग त्यात जमिनीचं काय उरलं? हापूसमध्ये जांभा दगड आहे, खारा वारा आहे. पेस्टीत हात आहेत फक्त.

रानमेवा

हात म्हणजे काही कमी आहेत का? आंब्यालाही कलम बांधणारा हात लागतो.

पंचवटीकर

पेस्टीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी कामानिमित्त दोन वर्षं मेक्सिकोत पाचुकाला होतो. तिथे दर चौकात ‘पास्तेस’ची दुकानं. पहिल्यांदा बघितल्यावर मला वाटलं आपली मोठी करंजी आहे, मुरडही तशीच! मग कळलं की ही कॉर्नवॉलची पेस्टी. पाचुकाजवळ रेआल देल मोंते इथे चांदीच्या खाणी. १८२० च्या दशकात कॉर्नवॉलचे खाणकामगार तिथे आले, कथलाच्या खाणीत काम करून तयार झालेले. येताना पेस्टी आणली, फुटबॉलही आणला.

आज तिथल्या पास्तेमध्ये बटाटा आणि मांस असतंच, पण घेवड्याचं सारण, मिरच्यांचं मोले, अननस, दूधभातसुद्धा असतो. मूळ बटाट्याच्या पास्तेत हिरवी मिरची घालतात, आणि माझ्या मते ती कॉर्नवॉलच्या पेस्टीपेक्षा चवदार लागते. रानमेवा यांचा नियम लावला तर यांना पेस्टी म्हणता येणार नाही. पण दोनशे वर्षं झाली करताहेत. त्यांनी नावातून कॉर्नवॉल वगळलं आणि ‘पास्ते’ आपलं केलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

एक शंका: जाड मुरड कामगार हातात धरायला वापरत आणि शेवटी टाकून देत, कारण हाताला खाणीतला विषारी सोमल लागलेला असे, हे खरं आहे का?

अबोली_लेस्टर

@पंचवटीकर, तुमचा प्रतिसाद वाचून आनंद झाला. मुरडीची गोष्ट मीही ऐकलीय. पण खाणकामगारांच्या जुन्या छायाचित्रांत पेस्टी कागदात किंवा फडक्यात धरलेली दिसते, आणि ती एका टोकाकडून खातात. एवढ्या कष्टाच्या पोटाला पिठाचा तुकडाही फेकून देणं परवडलं असेल असं मला वाटत नाही. कोपऱ्यावर कणकेची आद्याक्षरं लावायची पद्धत मात्र होती, कुणाची कुठली ते कळावं म्हणून.

साखरभात-रानमेवा वादात माझीही भर. न्यूकॅसल ब्राउन एल या बिअरला २००० मध्ये नावाचं संरक्षण मिळालं, न्यूकॅसल शहरात बनली तरच. काही वर्षांनी कंपनीने तिथला कारखाना बंद करून टाइन नदीच्या पलीकडे गेट्सहेडला नेला. नदी ओलांडली आणि स्वतःच्याच नियमात बसेना! शेवटी कंपनीनेच अर्ज करून संरक्षण काढून टाकायला लावलं. नाव न्यूकॅसलच राहिलं, फक्त त्यामागचं वचन गेलं.

आणि उलट उदाहरण वेन्स्लीडेलचं. यॉर्कशायरमधल्या हॉज गावातली चीजची डेअरी १९९२ मध्ये मालकांनी बंद केली आणि काम लँकशायरला न्यायचं ठरवलं. यॉर्कशायर आणि लँकशायर ही जुनी चुरस, तिथल्या लोकांना ते किती झोंबलं असेल! तिथल्याच व्यवस्थापकांनी डेअरी विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी पुन्हा सुरू केली. तेव्हा कुठलाही नियम पाठीशी नव्हता, यॉर्कशायर वेन्स्लीडेलला संरक्षण मिळालं ते २०१३ मध्ये. आधी माणसं उभी राहिली, कागद मागून आला. फळांच्या केकबरोबर ते चीज खातात, नक्की खाऊन बघा.

अडुळसा

दोन छोट्या भर.

यॉर्कशायरमध्ये पाँटफ्रॅक्ट नावाचं गाव आहे. तिथले ‘पाँटफ्रॅक्ट केक’ म्हणजे केक नाहीत, रुपयाएवढ्या काळ्या चपट्या गोळ्या, वर किल्ल्याचा शिक्का. कशाच्या? ज्येष्ठमधाच्या! तिथल्या मातीत मुळं खोल जातात म्हणून शेकडो वर्षं ज्येष्ठमध पिकायचं. आधी औषध होतं, १७६० च्या सुमारास डनहिल नावाच्या औषधविक्रेत्याने साखर घातली आणि खाऊ झाला. घसा बसला की आजी ज्येष्ठमधाची काडी चघळायला द्यायची, तीच चव. या गोळ्यांना पॉम्फ्रेट केकही म्हणतात, पापलेटाशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरं, केंडल मिंट केक. हाही केक नाही, साखर, ग्लुकोज आणि पुदिन्याच्या तेलाची वडी. केंडलला १८६९ पासून बनते. १९५३ मध्ये हिलरी आणि तेनसिंग यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर खाल्ली ती हीच. निशिगंध, ही शाकाहारी आहे, मुलीच्या सामानात असू द्या.

पोटोबा

मँचेस्टरजवळच्या एकल्सचे केक राहिले! खुसखुशीत पुडात काळे बारीक मनुके. त्या मनुक्यांना करंट म्हणतात आणि तो शब्द ग्रीसमधल्या कॉरिंथवरून आलाय, म्हणजे एका गावाच्या नावाच्या पदार्थात दुसरं गाव भरलेलं.

अबोली_लेस्टर

वा पोटोबा! मग निळ्या स्टिल्टनमधल्या बुरशीचंही सांगते. तिचं शास्त्रीय नाव फ्रान्सच्या रोकफोर गावावरून आहे.

आणि काल स्टिल्टनला जाऊन आले. हमरस्ता आता गावाबाहेरून जातो, त्यामुळे शांत आहे. बेल इनची दगडी इमारत उभी आहे, रस्त्यावर डोकावणारी घंटेची मोठी तांब्याची पाटीही. त्या दारात घोडागाडीतून उतरलेली माणसं डोळ्यांपुढे आली. चीजचा तुकडा घेतला आणि वेष्टन उलटून बघितलं. लेस्टरशायर. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर झालेलं चीज मी दीड तास गाडी चालवून आणलं. रात्री पेअरबरोबर खाल्लं, बाजारातल्यापेक्षा वेगळं काही नव्हतं, तरी जाऊन आल्याचं बरं वाटलं.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला हा धागा पाठवलाय. काल ग्लॅमॉर्गन सॉसेज करून बघितले. इथे नाशकात लीक मिळालं नाही, पातीचा कांदा घेतला. वेल्श चीज कुठून आणणार, पनीर कुस्करून त्यात अमूलचं चीज किसून घातलं. अंड्याऐवजी चमचाभर बेसन. सासूबाईंनी दोन मागून घेतले. पण याला ग्लॅमॉर्गन म्हणावं का, हा प्रश्न पडलाय. तिथलं यात काहीच नाही.

गंधसरू

@निशिगंध, ज्या ग्लॅमॉर्गन चीजपासून ते मुळात व्हायचं, ते त्या भागातल्या ग्लॅमॉर्गन जातीच्या गाईंच्या दुधाचं असे, आणि ते चीज कधीच मागे पडलं. आता तिथेही केअरफिली चीज घालतात. तेव्हा म्हणा खुशाल. फक्त पुढच्या वेळी पनीरमध्ये थोडा चक्का मिसळा. केअरफिली किंचित आंबट असतं, ती चव त्याने येईल. आणि मोहरीची पूड विसरू नका.